डिकी म्हणजे तुमचं पहिलं गोडाऊन: लायनर आणि जाळी कशी निवडायची, कशी बसवायची



गेल्या व्हिडिओत मी सहज माझ्या गाडीची डिकी उघडून दाखवली, आणि प्रश्न धंद्यापेक्षा डिकीवरच जास्त आले. "सर, तो काळा ट्रे कुठला?" "जाळी किती किलो धरते?" "माझी सीएनजी गाडी आहे, मला बसेल का?" व्हिडिओत दोन मिनिटांत उरकलं होतं, म्हणून इथे नीट लिहितोय.

आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा घरच्या गाडीवरच सुरू होतो. टेम्पो घ्यायची ऐपत नसते आणि तेवढा मालही नसतो. केक, मसाले, लोणची, साड्या, रोपं, डबे, सगळं डिकीतून जातं. दुकानाच्या भाड्याचा आपण दहा वेळा विचार करतो, पण डिकी फुकट मिळालेली असते म्हणून तिचा विचारच करत नाही. मीही केला नव्हता.

माझ्या मसाल्यांच्या धंद्याचे पहिले दिवस होते. हॅचबॅक गाडी, मागची सीट पाडलेली, मागे मसाल्याच्या पाकिटांचे खोके आणि तेलाचा 15 किलोचा डबा. वरून चार हुकांची लवचिक जाळी ताणून लावलेली. मला वाटलं, झालं काम. साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपला आणि पुढच्या वळणावर समोरच्या ट्रकने अचानक वेग कमी केला. मी ब्रेक दाबला. मागे कडकन आवाज आला, दोन हुक तुटले, डबा सरकत येऊन शेजारच्या सीटच्या पाठीवर आदळला. झाकण उघडलं. तेल कार्पेटमध्ये, तेल खोक्यांत, पाकिटांची लेबलं पारदर्शक झालेली. तो माल कुणाला देता आला नाही, आणि गाडीत पुढचा पावसाळा संपेपर्यंत खवट वास येत होता.

त्या दिवशी शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं. एरवी मिसेस असतात.

दोष जाळीचा नव्हता. जे काम तिचं नाही ते मी तिला दिलं होतं. आणि खाली लायनर नव्हतं, ही दुसरी चूक. या दोन गोष्टींची कामं वेगळी आहेत, तिथूनच सुरुवात करू. लायनर गाडीला मालापासून आणि मालाला गाडीपासून वाचवतं. जाळी हलका माल जागेवर ठेवते. जड माल यातलं काहीच धरत नाही, तो सीटची पाठ आणि पट्टा धरतो.

आधी माल बघा, मग मॅट

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" तुम्ही स्वतःला त्याआधी दुसरा प्रश्न विचारा: माझ्या मालाला त्रास कशाचा आहे? सांडण्याचा, सरकण्याचा, वासाचा की डागाचा?

सांडणारा माल असेल, म्हणजे तेल, लोणचं, ताक, मासळी, ओली रोपं, तर लायनरला चारही बाजूंनी उभी कड हवी. निदान दोन बोटं उंच, जास्त असेल तर उत्तम. सपाट मॅट इथे कामाची नाही. तेल कडेने खाली उतरतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन बसतं. ते तुम्हाला दिसत नाही, फक्त वास येत राहतो.

सरकणारा माल म्हणजे केकचा खोका, काचेच्या बरण्या, भरलेले डबे. इथे कडेपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा. चकचकीत, गुळगुळीत लायनरवर पुठ्ठ्याचा खोका कॅरमच्या सोंगटीसारखा पळतो. लायनर तसंच असेल तर वर ती जाळीदार रबरी शीट टाका, जी आपण किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतो. रोलवर मिळते, कात्रीने कापली जाते. बेकरीवाल्या ताईंना माझा आग्रह आहे की केक मांडीवर किंवा सीटवर नेऊ नका. सीटचा बैठा भाग मागे उतरता असतो, खोका तिरका बसतो आणि क्रीम एका बाजूला कलतं. डिकीचा तळ बहुतेक गाड्यांत सपाट असतो. तिथे ही शीट टाकली की केकसाठी घरच्या गाडीत त्याहून चांगली जागा नाही. मात्र उन्हाळ्यात डिकीत एसीची हवा नीट पोचत नाही, त्यामुळे लांबचा प्रवास असेल तर मागचा पार्सल ट्रे काढून ठेवा.

वासाचं लक्षात येत नाही. पीठ, चहा पावडर, पोळ्या, मसाले आजूबाजूचा वास ओढून घेतात. नवीन पीव्हीसी किंवा स्वस्त रबराची मॅट दुपारी बंद गाडीत तापली की जो वास सुटतो तो तुमच्या मालात जातो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही. पुढच्या वेळी ऑर्डर देत नाही, एवढंच.

आता साहित्य थोडक्यात. रबर जड असतं, पकड चांगली, टिकतं, पण नवीन असताना वास येतो आणि धुवायला बाहेर काढताना कंबर धरते. पीव्हीसी स्वस्त, धुवायला सोपं, पण वास आणि उन्हात मऊ पडणं हे दोन दोष. टीपीई नावाचं साहित्य हल्ली साच्यातून गाडीच्या मापाचं तयार मिळतं. वास जवळजवळ नाही, लवचिक राहतं, कड छान उभी असते, किंमत मात्र जास्त. खाद्यपदार्थ नेत असाल तर माझी पसंती यालाच. ईव्हीए म्हणजे चप्पलच्या सोलसारखं हलकं फोम. त्यात चौकटींचे खळगे असतात, धूळ आणि पाणी त्यात अडकून राहतं, पण पत्र्याच्या डब्याची धार किंवा टोकदार कोपरा त्याला कापतो. साड्या, कपडे, कागदी माल यांना चालेल.

आणि ते 3डी, 5डी, 7डी? मंडळी, या आकड्यांमागे कुठलंही ठरलेलं माप नाही. ही बाजाराची नावं आहेत. लेदरसारखं कापड, खाली फोम, वर शिवण. दिसायला झकास. पण शिवणीच्या भोकांतून तेल-पाणी फोममध्ये जातं आणि फोम वाळत नाही. लग्नाला जायच्या गाडीला ठीक आहे, मालाच्या गाडीला नको. दुकानदार हेच आधी दाखवेल, कारण ते दिसतं छान.

माप घ्या, लिटरवर जाऊ नका

कंपनी डिकीची जागा लिटरमध्ये सांगते. वॅगनआर पेट्रोलची 341 लिटर. एर्टिगाची तिसरी रांग उभी असताना 209, ती पाडली की 550. अल्ट्रोझ पेट्रोलची 345, आणि तीच गाडी दोन छोट्या सिलिंडरांच्या सीएनजीमध्ये घेतली तर 210. आकडे तुलनेला बरे, पण लिटर ऐकून कॅरेट बसतं की नाही ते कळत नाही. कॅरेटला लांबी-रुंदी असते.

म्हणून तीन मापं टेपने घ्या. डिकीच्या तोंडाची सर्वात अरुंद रुंदी, दोन चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर, आणि सीटच्या पाठीपासून दारापर्यंतची खोली. खोली खाली आणि वर अशी दोनदा मोजा, कारण सीटची पाठ मागे कललेली असते. बाजारात 54 बाय 36 सेंटिमीटरचं प्लॅस्टिक कॅरेट सहज मिळतं. दोन कॅरेट अरुंद बाजूने शेजारी ठेवायला 72 सेंटिमीटर लागतात, लांब बाजूने ठेवायला 108. फुगवट्यांमधलं अंतर 108 पेक्षा कमी असेल तर दुसरी मांडणी विसरा. आणि हो, लायनरच्या उभ्या कडा दोन्ही बाजूंनी थोडी जागा खातात. ती वजा करूनच कॅरेट घ्या. मी एकदा आधी कॅरेट घेतली आणि मग लायनर. आज त्या कॅरेटमध्ये मिसेसनी कोथिंबीर लावली आहे.

तुमच्या मॉडेलचं तयार लायनर मिळत असेल तर मॉडेलबरोबर वर्षही सांगा. एकाच नावाच्या गाडीची पिढी बदलली की डिकीचा आकार बदलतो. सीएनजी असेल तर ते आधी सांगा.

तयार मिळत नसेल तर कापून घ्यायचं. वर्तमानपत्राची पानं चिकटपट्टीने जोडून डिकीच्या तळावर पसरा, कडेकडेने बोटाने दाबत घडी पाडा, त्या घडीवर कापा. हा कागद पुन्हा ठेवून बघा. मग तो लायनरवर उलटा-सुलटा होणार नाही अशी "वर" अशी खूण करून ठेवा, पेनाने रेघ ओढा आणि रेघेच्या बाहेर एक बोट सोडून कापा. जास्त झालं तर नंतर छाटता येतं, कमी झालं तर पैसे गेले.

बसवताना

सीएनजी गाडीत सिलिंडर डिकीत असेल तर तीन गोष्टी पक्क्या. सिलिंडरचा वाल्व लायनरने झाकायचा नाही. त्यावर माल टेकवायचा नाही. आणि सिलिंडरला किंवा त्याच्या पट्ट्यांना मालाचा दोर बांधायचा नाही. जागा कमी पडते म्हणून अनेक जण खोके सिलिंडरवर रचतात. ते काढा.

डिकी आधी पूर्ण रिकामी करा आणि मूळ कार्पेट उचलून बघा. खाली ओल, गंज, जुनं सांडलेलं काही असेल तर आत्ताच पुसा, दार उघडं ठेवून दुपारभर वाळवा. ओलीवर लायनर टाकलंत तर ओल कायमची झाकली गेली. कोकणातल्या आणि मुंबईच्या मंडळींनी हे पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा कराच.

लायनर गुंडाळून आलं असेल तर त्याला सवय मोडावी लागते. तासभर उन्हात सपाट पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. मग बसवा. मूळ कार्पेट काढायचं का? तयार साच्याचं लायनर बहुतेक वेळा कार्पेटवरच बसतं आणि कार्पेटमुळे आवाज कमी होतो. राहू द्या. लायनर चिकटवू मात्र नका. दर आठवड्याला काढून धुता आलं पाहिजे, आणि पंक्चर झालं तर रात्री रस्त्यात स्टेपनी काढायला ते उचलावंच लागणार.

बसवून झालं की दार हळूच लावून बघा. कुलपाच्या खाचेत कड अडकत नाही ना? डिकीचा दिवा झाकला नाही ना? सीट पाडायचं बटण हाताला येतंय ना?

एक काम कधीच करायचं नाही: तळाला ड्रिलने भोक पाडून हुक बसवणं. गल्लीतला फिटर "पाच मिनिटांचं काम" म्हणेल. खाली काय असतं ते वरून दिसत नाही. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग, सीएनजीची नळी, यातलं काहीही असू शकतं. आणि भोक पाडलेला पत्रा तिथूनच गंजायला लागतो.

जाळ्या तीन, कामं तीन

पाकिटासारखी जाळी दोन थरांची असते. ती डिकीच्या दाराजवळ आडवी लावायची आणि तिच्या खिशात बाटल्या, छोट्या बरण्या, बिलबुक, रिटर्न आलेली पाकिटं उभी ठेवायची. रोजच्या छोट्या डिलिव्हरीला सगळ्यात उपयोगी हीच.

दुसरी तळावर ताणायची, चार कोपऱ्यांना चार हुक. माझी तीच होती. खोक्यांनी खड्ड्यांवर उसळू नये, कपड्यांच्या पिशव्या लोळू नयेत, यासाठी ती आहे. ती लवचिक असते, म्हणजे ओढलं की वाढते. धक्का बसल्यावर जी वाढते ती जड वस्तू कशी थांबवणार?

तिसरी उभी जाळी, सीटच्या मागे पडद्यासारखी. मागच्या सीटवर मुलं बसत असतील आणि डिकीत सीटच्या उंचीच्या वर माल रचत असाल, तर ही हवीच. पण घेताना ती लवचिक आहे की न वाढणाऱ्या पट्ट्यांची, हे हाताने ओढून बघा. अडवायला न वाढणारीच लागते, आणि ती गाडीच्या पक्क्या धातूच्या जागीच बांधावी लागते.

जाळी घेण्याआधी तुमच्या गाडीत हुक कुठले आहेत ते बघा. छोट्या गाड्यांत बाजूच्या भिंतीवर जे प्लॅस्टिकचे हुक असतात ते भाजीची पिशवी अडकवायला आहेत. गाडीच्या पुस्तकात त्यांची मर्यादा दिलेली असते, आणि ती थोड्याच किलोंची असते. मोठ्या गाड्यांत तळाला धातूच्या कड्या असतात. त्या खऱ्या बांधायच्या जागा. आणखी एक कडी मागच्या सीटच्या पाठीमागे दिसेल. ती लहान मुलांच्या सीटचा पट्टा अडकवायची आहे. मालाला वापरू नका.

जड मालाचं काय?

माझ्या 15 किलोच्या डब्याचा हिशोब करून दाखवतो. गाडी 50 च्या वेगाने जाऊन कशावर तरी आदळली आणि अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक मोकळ्या वस्तूला जागेवर धरायला तिच्या वजनाच्या साधारण 20 पट जोर लागतो. म्हणजे त्या डब्याला 300 किलोचा. आणि भाजीच्या पिशवीचा हुक म्हणतो, मला थोडेच किलो झेपतात.

म्हणून जड वस्तू सगळ्यात खाली, आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. मध्ये चार बोटं जागा सोडली तर तेवढ्यात ती वेग घेते. सीट पाडू नका. उभी ठेवा आणि कुलूप "टक" असं बसलं का ते ओढून बघा. मागे कोणी बसणार नसेल तर रिकाम्या सीटचे बेल्टही लावून टाका, पाठीला तेवढाच आधार मिळतो. धातूच्या कड्या असतील तर न वाढणारा पट्टा घ्या, टेम्पोवाले खटके ओढून आवळतात तसला, छोट्या मापाचा. कड्याच नसतील तर डबा कॅरेटमध्ये ठेवा, कॅरेट सीटला टेकवा आणि त्याच्या मागची मोकळी जागा हलक्या खोक्यांनी गच्च भरा. तरीही उरली तर जुनी चादर कोंबा. गच्च भरलेल्या डिकीत वस्तूला धावायला जागाच नसते.

सगळं वजन दाराजवळ ठेवलंत तर गाडीचं तोंड उचललं जातं. स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरचे लोक डिपर मारतात, कारण तुमचे दिवे त्यांच्या डोळ्यांत जातात. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे खाली करायचं छोटं चाक असतं, भरलेल्या गाडीत ते फिरवा. टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा किती, तो स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो.

आता पैशाचं बोलू

"सर, मॅटला एवढे पैसे?" समजा लायनर, जाळी आणि दोन पट्टे मिळून 3,600 रुपये झाले. आठवड्याला तीन फेऱ्या धरा, वर्षाला दीडशे. तीन वर्षं टिकलं तर 450 फेऱ्या. फेरीला 8 रुपये. तुमच्या डिलिव्हरीच्या दरात हे 8 रुपये आहेत का? नसतील तर घाला. पेट्रोल आपण मोजतो, हे मोजत नाही. बिल घेऊन धंद्याच्या खर्चाच्या वहीत चढवा, घरखर्चात नको. पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर खाद्यपदार्थवाल्यांनी आधी लायनर घ्या, जड माल नेणाऱ्यांनी आधी पट्टे. जाळी शेवटी.

आणि शेवटचा मुद्दा, जो व्हिडिओत राहूनच गेला. तुमच्या कारची इन्शुरन्स पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादा लिहिलेला परिच्छेद वाचा. खाजगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. सूट असते ती नमुन्यांना आणि स्वतःच्या सामानाला. महिन्यातून एकदा प्रदर्शनाला चार नमुने नेणं वेगळं, आणि रोज डिकी भरून ऑर्डरी पोचवणं वेगळं. अपघात झाला आणि डिकीत विक्रीचा माल सापडला तर क्लेमच्या वेळी प्रश्न निघू शकतो. दुसऱ्यांचा माल पैसे घेऊन पोचवत असाल तर पांढऱ्या पाटीच्या गाडीवर ते चालतच नाही, त्याला परवाना लागतो. एजंटला फोन करा, तुम्ही नेमकं काय आणि किती वेळा नेता ते स्पष्ट सांगा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. माझ्या एजंटने फोनवर "काही होत नाही हो" म्हटलं होतं. तेच ईमेलवर लिहून द्या म्हटल्यावर दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "साहेब, आपण वेगळी पॉलिसी बघू."